माहितगार

विमा कंपनीच्या मॅनेजर न्ये यांना एकच काळजी होती. माणसं चालली पाहिजेत, पण घामाघूम होता कामा नयेत.

"आमच्याकडे दोन खाती आहेत," ते पेई-लानला म्हणाले. "एक विमा विकणारं, दुसरं दावे तपासणारं. बसतात एकाच मजल्यावर, पण चहालासुद्धा एकत्र उठत नाहीत. गेल्या वर्षी त्यांना डोंगरावर नेलं. विकणारे पुढे, तपासणारे मागे आणि मधे मी एकटा, माकडांशी बोलत. यंदा बंदरावर न्या. तुमचा तो शोधाशोधीचा खेळ करा."

"करू या की. गोदामांपासून नव्या पुलापर्यंत छान रस्ता आहे. सावली आहे, बसायला जागा—"

"ते नको. तिथे सगळे रविवारी पोरांना घेऊन जातात. जुन्या बंदराकडे न्या. मासळीबाजार, बर्फाचा कारखाना, ती सगळी बाजू. आमच्यातल्या निम्म्यांनी ती पाहिलेली नाही, आणि म्हणे आम्ही अस्सल काओश्युंगचे!"

पेई-लानने मान डोलावली. मग मॅनेजर न्ये जरा पुढे झुकले. "आणि प्रत्येक गटात तो तुमचा माहितगार ठेवा हं. कोणी अडून बसायला नको."

"ते आम्ही ठेवतोच."

या धंद्यात सगळेच ठेवतात. गटातल्या एकाला उत्तरं आधी सांगून ठेवायची. त्याने इतरांसारखंच डोकं खाजवत चालायचं, गट फार भराभर निघाला तर त्याला रेंगाळवायचं, अडला तर नकळत वाटेला लावायचं. शेवटी सगळे गट थोड्याफार फरकाने पोचतात, कोणाचा पाणउतारा होत नाही, आणि आपण हे स्वतः शोधलं या आनंदात माणसं घरी जातात. पेई-लानने किती कंपन्यांसाठी किती माहितगार तयार केले असतील, तिचं तिला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. ताई म्हणजे शू-युन, तिच्याहून चार वर्षांनी मोठी, समोरच्याच गल्लीत राहणारी. प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून ती पेई-लानच्या कामात मदत करायची. पाकिटं चिकटवायची, थांब्यांवरच्या दुकानदारांशी गोड बोलायची, आणि खेळाच्या दिवशी शेवटच्या थांब्यावर गोल टोपी घालून शिक्का मारायला उभी राहायची. दमून आलेल्या माणसांना तिचा चेहरा बघून बरं वाटायचं.

"जुनं बंदर?" ताईचा पाकीट चिकटवणारा हात थांबला. "तिथे काय ठेवलंय? माशांचा वास आणि मांजरं."

"त्यांना तेच हवंय."

"सांग, रस्ते खोदलेत."

"आणि त्यांनी जाऊन बघितलं तर? ताई, इतकी वर्षं झाली, तू मला कामासाठी कधी तिकडे फिरकू दिलं नाहीस."

"तुझ्यासाठीच गं, अ-लान. तुला उगाच त्रास."

पेई-लानला हे ऐकून बरंच वाटलं. ताई अशीच होती. स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर नाही, धाकटीच्या काट्याची मात्र काळजी.

कारण जुन्या बंदरावरच, सुट्टीतल्या एका दुपारी, त्यांची आई त्यांना सोडून गेली होती.

पेई-लान तेव्हा सात वर्षांची, ताई अकरा. बाप जहाजं मोडायच्या यार्डात गॅसने पोलाद कापायचा. संध्याकाळी दारू पिऊन यायचा आणि मग बायकोला मारायचा. अख्खी गल्ली ऐकायची आणि दारं लावून घ्यायची. त्या दिवशी जेवणं झाल्यावर आईने पेई-लानच्या हातात चिठ्ठी दिली. लहान मुलं ज्या अक्षरांनी वाचायला शिकतात त्या अक्षरांत, मोठं मोठं लिहिलं होतं: ऐन उन्हाळ्यात जिथे माणसं जाड कोट घालतात, तिथे जा. खजिना आहे, आई म्हणाली. दोघी मिळून शोधा.

पेई-लानने एका क्षणात ओळखलं. बर्फाचा कारखाना! तिथल्या मुकादमाने दुसरी चिठ्ठी दिली: जिथे हजार गाठी विकत मिळतात. तेही तिनेच ओळखलं, जाळ्यांचं दुकान. तिथे तिसरी: ज्याच्या तोंडात गोटी आहे पण गिळता येत नाही. देवळापुढचा दगडी सिंह! ताईला एकही सुचलं नाही. "मला नाही बाई कळत, तूच सांग," म्हणत ती मागे मागे रेंगाळत होती. मधेच पेरू घेऊन दिला, मधेच तिच्या चपलेचा पट्टा सुटला, मधेच रुळांपाशी मालगाडी जायची वाट बघत बसली. खजिना मिळेपर्यंत ऊन उतरलं होतं. देवळाच्या गुरवाने सिंहामागून बिस्किटांचा डबा काढून दिला. आत लाल रबरी चपलांचे दोन जोड होते आणि मुरवलेले आलुबुखार.

नव्या चपला घालून दोघी पळत घरी आल्या, तेव्हा बाप उंबऱ्यावर बसला होता. आईच्या कपाटात नुसते रिकामे हँगर लोंबत होते. पंघू बेटांकडे जाणारी दुपारची बोट केव्हाच गेली होती.

बापाने नंतर घरात तिचं नाव काढू दिलं नाही. पेई-लान मोठी झाली तसं तिला आईचं पळून जाणं कळत गेलं, आणि बरंचसं तिने पोटातही घातलं. राहिलं होतं ते एवढंच की आईने आपल्याला खेळात गुंतवून फसवलं. पण आईने दोघींना फसवलं होतं, आणि त्या 'दोघींना' या शब्दात मोठा आधार होता. त्या दिवसापासून ताईने तिच्या वेण्या घातल्या, तिचे डबे भरले, बापाचा हात उठला की मधे पडली. स्वतःची शाळा अर्धवट सोडून मासे डबाबंद करायच्या कारखान्यात लागली आणि हिला कॉलेजात घातलं. एकाच बाजूला उभ्या असलेल्या दोघी, असंच पेई-लानच्या मनात चित्र होतं.

आणि त्या दुपारचं दुसरंही काही तिच्यापाशी उरलं होतं. ती हुशार होती. अकरा वर्षांच्या ताईला जे सुचेना ते तिने सातव्या वर्षी ओळखलं. पुढे तिने हा धंदा काढला तो त्याच जोरावर. प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला ती लोकांना सांगायची, "आमच्या आईने एकदा आम्हा बहिणींसाठी असा खेळ केला होता. सगळं मी ओळखलं. ही माझी ताई, हिला विचारा." ताई टोपीखालून हसायची.

जुन्या बंदराचा रस्ता आखायला जायच्या दिवशी ताईचा गुडघा सुजला. निदान ती तसं म्हणाली. पेई-लान एकटीच गेली.

जागा बदलली होती, तरी ओळखीची होती. बर्फाच्या कारखान्याच्या तरुण मालकाने पाकिटं ठेवून घ्यायला आनंदाने होकार दिला. आईने वापरलेल्याच जागा घ्यायच्या असं तिने काही ठरवलं नव्हतं, पण कोट घालणाऱ्या माणसांचं कोडं इतकं चांगलं होतं की टाकवेना. मग पुढचंही घेतलं. हजार गाठी.

जाळ्यांच्या दुकानात च्यू काकू बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, मांडीवर जाळं, तोंडात सुपारीऐवजी आता पेपरमिंट.

"कोण गं तू? पर्यटक असशील तर फोटोचे पैसे घेत नाही, पण एक गळ तरी विकत घे."

"मी जुआँगची धाकटी, काकू. पेई-लान. आम्ही रुळांपलीकडे राहायचो."

"जहाजं मोडणाऱ्या जुआँगची? अगं बाई! केवढी झालीस! बस, बस. कलिंगड खा. लग्न केलंस की नाही?"

"केलं होतं. सोडलं."

"बरं केलंस. आणखी एक फोड घे."

पेई-लानने काम सांगितलं. शनिवारी ऑफिसातली माणसं येतील, गाठी कुठे मिळतात विचारतील. त्यांना हे पाकीट द्यायचं. काकू खो खो हसल्या.

"म्हणजे आईचाच धंदा चालवतेस की! तिनेही असंच पाकीट ठेवलं होतं माझ्याकडे."

"तेच तर. तिचंच कोडं आहे, काकू."

"आदल्या दिवशी आली होती ठेवायला. मोठीला घेऊन. आई नुसती उभी, सगळं मोठीच सांगत होती." काकूंनी जाळ्यातून हात काढून अकरा वर्षांच्या मुलीची उंची दाखवली. "म्हणाली, काकू, चिठ्ठी लगेच नका हं देऊ. आधी पाणी द्या, गप्पा मारा, थोडं थांबवून ठेवा. माझी बहीण फार पटापट ओळखते."

पेई-लानच्या हातातलं कलिंगड तसंच राहिलं.

"मोठी म्हणजे ताई?"

"मग काय मी? शू-युनच. डोळे सुजले होते पोरीचे. मी तुझ्या आईला विचारलंसुद्धा, मारलंस का गं हिला? काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत ओरडा झाला तेव्हा मला कळलं, पोर कशाला रडत होती." काकूंनी पेई-लानकडे नीट बघितलं. "तुला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"मग मी बोलले ते सोडून दे. म्हातारीची बडबड."

"पाकीट शनिवारी देणार ना, काकू?"

"देणार. लगेच देणार."

बाहेर पडून ती रुळांच्या कडेने चालत राहिली. आता तिथे गवत होतं आणि पतंग उडवणारी माणसं. पेरू. चपलेचा पट्टा. तो सुटला नव्हता, सोडला होता. मालगाडी येत नव्हती तरी ताई म्हणाली होती, थांब, येईल. त्या दुपारची एकेक गोष्ट तिला आठवत होती आणि प्रत्येक गोष्ट आता उलटी होऊन समोर येत होती. तिने एकही चिठ्ठी लवकर सोडवली नव्हती. तिला जितकं लवकर सोडवू द्यायचं ठरलं होतं, तितकंच.

गुडघा सुजलेली ताई ओट्याशी उभी राहून माशाचे काटे काढत होती.

"च्यू काकू भेटल्या," पेई-लान म्हणाली.

चिमटा माशातच राहिला. "आहेत अजून?"

"छान आहेत. सगळं आठवतं त्यांना. तू काय म्हणालीस तेसुद्धा. माझी बहीण फार पटापट ओळखते."

ताई वळली नाही. नळ चालू होता, तो तिने बंद केला.

"आईने सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "म्हणाली, अ-लान धक्क्यावर आली, रडली, तर माझा पाय निघणार नाही. आणि नाही निघाला तर तुझा बाप एक दिवस मला मारून टाकेल. मग मला विचारलं, काय करू सांग. अगं, मला विचारलं तिने. मी अकरा वर्षांची."

"आणि तू म्हणालीस, जा."

"मी म्हणाले, जा."

"आणि मला पेरू घेऊन दिलास."

"मला दुसरं काही सुचेना. तू धावतच सुटली होतीस. दगडी सिंह तर तू चिठ्ठी पुरती वाचायच्या आत ओळखलास. मला घाम फुटला, म्हटलं ही आता धक्क्यावरून परत जाऊ म्हणेल आणि बोट अजून उभी असेल." ताईला क्षणभर हसू आल्यासारखं झालं. "हुशार तर तू होतीसच."

"ते राहू दे." पेई-लान खुर्चीवर बसली. "आदल्या रात्री तिने तुला जवळ घेतलं असेल."

"हो."

"मला? मी झोपले होते, तरी?"

ताईने माशातला चिमटा काढून ठेवला. "नाही. म्हणाली, जागी होईल."

बाहेर कचऱ्याची गाडी आली होती. तिचं ते नेहमीचं संगीत गल्लीभर वाजत होतं. शेजारणी पिशव्या घेऊन उतरत होत्या. नेहमी ताईच दोघींच्या पिशव्या नेऊन द्यायची. आज दोघीही हलल्या नाहीत. गाडी पुढे गेली तसा पेई-लानचा राग थोडा खाली बसायला लागला. समोरची बाई दिसायची बंद होऊन तिला त्या जागी सुजलेल्या डोळ्यांची मुलगी दिसायला लागली. कोणी तिला तरी का विचारावं, काय करू म्हणून?

"जाऊ दे," ती म्हणाली. "पोर होतीस. तिने तुझ्यावर टाकायलाच नको होतं." आणि मग, काही मनात नसताना, पाणी पिता पिता विचारावं तसं तिने विचारलं, "नंतर कधी काही कळलं का तिचं?"

ताईला नाही म्हणता आलं असतं. ती हात पुसत राहिली. कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"ती आली होती," ताई म्हणाली.

"कुठे?"

"माझ्या शाळेच्या फाटकाशी. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, तुझं कॉलेज संपलं तेव्हा. पंघूला, माकोंग गावात राहायची. सुक्या मासळीचं दुकान होतं नव्या नवऱ्याचं. बाबा गेल्याचं तिला कोणाकडून तरी कळलं होतं. म्हणाली, धाकटीला भेटू का?"

"मग?"

"मी म्हटलं..." ताईने पदार्थाची चव बघावी तसं तोंड मिटलं, उघडलं. "मी म्हटलं, तिला तुझं नाव काढलेलं चालत नाही. तिला तुझं तोंड बघायचं नाही."

"मी असं कधी म्हणाले?"

"नाही म्हणालीस."

"मग?"

"ती भेटली असती तर बोलण्याबोलण्यात तुला सगळं कळलं असतं. की मला माहीत होतं. की मीच तुला फिरवलं. मग तू माझ्याकडेही तशीच बघितली असतीस. आत्ता बघतेयस ना, तशी."

"आता कुठे आहे ती?"

"गेली, अ-लान. साथीच्या आधीच्या वर्षी. तिच्या नवऱ्याने कळवलं. मी जाऊन आले." ताईचा आवाज अगदी लहान झाला होता. "तुला सांगितलं होतं, शाळेतल्या बायकांबरोबर सहलीला चाललेय."

पेई-लानला ती सहल आठवली. ताईने येताना पंघूचा काळ्या गुळाचा केक आणला होता. दोघींनी इथेच, याच ओट्याशी उभं राहून खाल्ला होता.

"तो केक," ती म्हणाली.

"तू म्हणालीस, मऊ आहे."

पेई-लान उठली. तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज साधाच निघाला. "चिठ्ठ्यांसाठी मी तुझ्यावर रागावणार नव्हते. आत्ताच जाऊ दे म्हणाले ना? ती मुलगी लहान होती, घाबरली होती, आईने सांगितलं ते तिने केलं. पण शाळेच्या फाटकाशी कोणी मुलगी नव्हती. तिथे पगार घेणारी, पंचविशी ओलांडलेली बाई उभी होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं."

"मला तुझ्याशिवाय कोण होतं?"

"मला कोण असायला हवं होतं, ते तू ठरवलंस."

ती चपला घालत असताना ताई दारापर्यंत आली. "शनिवारी येऊ ना मी? शेवटच्या थांब्यावर शिक्क्याला कोण उभं राहील?"

"मी राहीन."

दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजर न्ये यांना फोन केला. माहितगार ठेवणार नाही, म्हणाली.

"अहो, पण कोणी अडलं तर?"

"अडू देत."

"आमचे दावे तपासणारे नियमाच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. एका जागी उभे राहून सूर्यास्त बघतील ते!"

"मग सूर्यास्त बघतील. नाहीतर तुम्ही दुसरं कोणी बघा."

मॅनेजर न्ये यांना इतक्या थोड्या दिवसांत दुसरं कोणी मिळण्यासारखं नव्हतं. शनिवारी माणसं आली. पेई-लानने नियम सांगितले, उन्हाच्या टोप्या वाटल्या, आणि आईची, बहिणीची गोष्ट न सांगताच त्यांना सोडलं. तीन गट बरे गेले. चौथा खरंच अडला. हजार गाठींच्या कोड्यावरून विमा विकणारा एक पोरगेला माणूस आणि दावे तपासणारी एक चष्मेवाली बाई मासळीबाजारातल्या रिकाम्या खोक्यांवर बसून भांडत राहिले. तो म्हणे लग्न लावायचं कार्यालय, ती म्हणे केसांचं दुकान. शेवटी दोघांनी एका कोळणीला विचारलं. तिने आधी मासा विकला आणि मग उत्तर दिलं. सगळ्यांत शेवटी ती दोघं एका पिशवीत बर्फातला मासा घेऊन, हसून हसून बेजार होत थांब्यावर पोचली. मॅनेजर न्ये यांनी पेई-लानचा हात हातात घेऊन हलवला. जमलं म्हणाले, एकत्र मासा आणला म्हणजे जमलंच. तिने त्यांच्या कागदांवर शिक्के मारले. एरवी अशा वेळी तिला पिसासारखं हलकं वाटायचं. त्या दिवशी पाय दुखतायत एवढंच तिला कळलं.

ताईने फोनवर पत्ता पाठवला होता. बाकी काही लिहिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पेई-लान सकाळच्या बोटीने माकोंगला गेली.

दुकानात एक वाकलेला म्हातारा वाळत घातलेले माकूळ मासे पलटत बसला होता. तिने जुआँग म्हटल्यावर त्याने हात पुसले.

"धाकट्या का? मोठ्या येऊन गेल्या मागे."

"हो. मी धाकटी."

त्याने फार काही विचारलं नाही. अस्थी ठेवतात त्या मनोऱ्याकडे आपल्या स्कूटरवरून घेऊन गेला. वाऱ्यात ओरडून बोलावं लागत होतं. "तुमचं नाव घ्यायची नाही ती. मी म्हणायचो, एक पत्र तरी टाक. म्हणायची, तिने नको म्हटलंय ना, मग नको. आपण कोण मागणारे?" पेई-लान मागे बसून त्याच्या सदऱ्याकडे बघत राहिली. मी नको म्हटलं नव्हतं, असं त्याला सांगावं असं तिला वाटलं. पण आता ते कोणासाठी सांगायचं, ते तिला कळेना.

वरच्या मजल्यावर त्याने एक लहानसं कपाट उघडलं आणि आपण जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. पेई-लानच्या आठवणीत आई तिशीतली होती, गालावर निळसर डाग असलेली, सतत ओले हात असलेली. तो चेहरा इथे सापडणार नाही हे तिला कळत होतं. कोणीतरी अनोळखी म्हातारी दिसेल, अशी तिने मनाची तयारी केली होती.

फोटोत ताई होती.

तेच रुंद कपाळ, तोच खालचा ओठ, हसू दाबल्यासारखी तीच हनुवटी. दहा-पंधरा वर्षांनी ताई जशी दिसेल तशी, हुबेहूब. आईचं म्हातारं होत जाणं ती रोजच बघत आली होती, पाकिटं चिकटवताना, ओट्याशी, टोपीखाली. तिने उदबत्ती लावली. रडू येईल म्हणून थांबली. आलं नाही. या चेहऱ्यापुढे आत्ता रडायची तिची तयारी नव्हती.

"पुन्हा या," म्हातारा म्हणाला आणि तिच्या हातात माकुळाची पुडी दिली. पैसे घेईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट काओश्युंगच्या धक्क्याला लागली, तेव्हा स्कूटरवाल्यांच्या गर्दीत, छत्री काखेत धरून, शू-युन उभी होती. कधी परत येणार हे पेई-लानने सांगितलं नव्हतं. कालचीही बोट ताईने बघितली असणार. पेई-लान शिडी उतरली आणि तिच्या शेजारून पुढे गेली. ताईही निघाली. चार पावलांचं अंतर ठेवून मागून चालत राहिली.

ट्रामच्या थांब्यावर दोघी दोन टोकांना उभ्या राहिल्या. ट्राम आली. पेई-लान पुढच्या दाराने चढली, ताई मागच्या. मधे शिकवणीहून सुटलेली पोरं होती. त्यांच्या खांद्यांवरून तिला दिसलं, ताईला बसायला जागा मिळाली होती आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने छत्री आडवी ठेवली होती. एक बाई तिथे बसायला आली, तेव्हा ताईने हात जोडल्यासारखं करून तिला काहीतरी सांगितलं. बाई पुढे गेली. मग ताईने मान वर करून डब्याच्या या टोकाकडे बघितलं.

पेई-लानने वरची कडी पकडली आणि खिडकीबाहेर तोंड करून उभी राहिली.